बाहेरच्या गिलाव्याला सिमेंटचा अतिरेक मारक ठरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराच्या बाहेरच्या भिंतींवर केलेला वाळू-सिमेंटचा गिलावा थोड्याच वर्षांत तडकला, फुगला किंवा पोपडे होऊन गळू लागला, की घरमालकाच्या तोंडी पहिले वाक्य हमखास येते, ते म्हणजे ‘सिमेंट कमी घातले’. मग दुरुस्तीच्या वेळी तो स्वतः उभा राहून मालात सिमेंट वाढवून घेतो, आणि काही काळाने तीच भिंत पुन्हा, बहुधा आधीपेक्षा वाईट रीतीने, तडकते. बांधकामांच्या देखरेखीच्या कामात असे अनेक गिलावे मी खरवडून आणि उकरून पाहिले आहेत. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी दोष सिमेंटच्या कमतरतेचा नव्हता. दोष होता तो वाळूचा, भिंतीच्या अपुऱ्या तयारीचा, घाईचा आणि कित्येकदा सिमेंटच्या अतिरेकाचाच. या गैरसमजापायी लोकांचा पैसा आणि चांगल्या भिंती दोन्ही वाया जाताना दिसतात, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते आणि मालातले जास्तीचे पाणी उडून जाताना गिलावा आकसतो. सिमेंट जितके जास्त तितके हे आकसणे जास्त असते. मागची भिंत मात्र त्याच्याबरोबर आकसत नाही, त्यामुळे आकसू पाहणारा थर आणि त्याला धरून ठेवणारी भिंत यांच्यात ताण निर्माण होतो, आणि तो ताण एक तर गिलाव्याला भेगा पाडून किंवा गिलावा भिंतीपासून सोडवूनच मोकळा होतो. केसाएवढी भेग निरुपद्रवी दिसते, पण कडक आणि दाट गिलाव्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी तिच्या तोंडाशी आले की केशाकर्षणाने आत ओढले जाते, आणि आत गेलेल्या पाण्याला त्या दाट थरातून बाहेर पडायला वाट उरत नाही. बेताच्या ताकदीचा गिलावा याच्या उलट वागतो. तो थोडे पाणी स्वतःत मुरवतो आणि ऊन-वारा लागला की सोडून देतो. त्याला भेगा पडल्याच तर त्या बारीक आणि विखुरलेल्या असतात. म्हणून या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की बाहेरचा प्रत्येक थर त्याच्या आतल्या थरापेक्षा जास्त बलवान नसावा आणि जास्त जाडही नसावा. साध्या विटांच्या भिंतीला एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू हे प्रमाण सहसा पुरते. त्यात एक भाग चुना मिळवून १:१:६ केले तर माल लोण्यासारखा पसरतो, पाणी धरून ठेवतो आणि कमी तडकतो. काँक्रीटच्या कठीण पृष्ठभागावर १:४ शोभून दिसते, पण तेच मिश्रण मऊ विटेवर चढवणे म्हणजे अशक्त भिंतीच्या अंगावर तिला न पेलणारे कवच चढवणे होय.

वाळूकडे होणारे दुर्लक्ष हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत महागात पडणारा दोष आहे, कारण मालातला फार मोठा हिस्सा वाळूचाच असतो. पिठासारखी बारीक वाळू हाताला मऊ लागते, तिचा माल भिंतीवर सहज सरकतो, म्हणून ती अनेकांना आवडते. पण एकाच मापाच्या बारीक कणांमध्ये पोकळ्या जास्त राहतात, त्या भरायला सिमेंट आणि पाणी जास्त लागते आणि गिलावा आकसतोही जास्त. बाहेरच्या गिलाव्याला लहान-मोठ्या कणांची, हाताला खरखरीत लागणारी आणि ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली वाळू हवी. तिच्यात माती असेल तर मातीचा पातळ लेप प्रत्येक कणाला गुंडाळतो आणि सिमेंटला वाळूची पकडच मिळू देत नाही. ही माती ओळखायला प्रयोगशाळेची गरज नाही. सरळ उभ्या काचेच्या बरणीत निम्म्यापर्यंत वाळू घ्यावी, चिमूटभर मीठ टाकलेले पाणी ओतावे, बरणी जोराने हलवून तीन तास न हलवता ठेवावी. वाळू खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा पट्टा साफ दिसतो. त्या पट्ट्याची उंची वाळूच्या उंचीच्या साधारण ८ टक्क्यांहून जास्त भरली तर ती वाळू धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी. समुद्रकाठच्या वाळूतले क्षार वेगळाच त्रास देतात. ते हवेतला ओलावा खेचतात, भिंतीवर पांढरा लोणा आणतात आणि गिलाव्यातली लोखंडी जाळी गंजवतात.

वाळूच्या मोजमापातली एक गोष्ट तर फारच थोड्या घरमालकांना ठाऊक असते. वाळू किंचित ओली असली की कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरला जातो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. ५ ते ६ टक्के ओलाव्याला बारीक वाळूचे आकारमान ३० टक्क्यांपर्यंत वाढलेले आढळते, आणि तीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवली की हा फुगवटा नाहीसा होतो. याचा अर्थ असा, की ओलसर वाळूची सहा घमेली मोजली तरी प्रत्यक्षात पाच घमेल्यांहूनही कमी वाळू पडलेली असू शकते, आणि कोणीही न ठरवता माल कडक होतो. काल वाळू कोरडी, आज ओली, असे होत राहिले तर एकाच भिंतीवर दोन वेगवेगळ्या ताकदीचे पट्टे तयार होतात आणि त्यांच्या सीमेवर रंगात फरक आणि भेगा दोन्ही दिसतात. म्हणून रोज काम सुरू करण्यापूर्वी वाळूचा ओलावा पाहून माप वाढवावे, आणि मोजायला फावडे न वापरता ठरावीक मापाची पेटी वापरावी. फावड्यात कधी डोंगर येतो, कधी तळ दिसतो.

आता भिंतीच्या तयारीविषयी. सुटून पडलेला गिलाव्याचा एखादा तुकडा फेकून देण्याआधी उलटा करून नीट पाहावा, कारण दोष कुठे होता ते त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा दिसते. पाठ गुळगुळीत असेल आणि बोट फिरवल्यावर भुकटी लागत असेल, तर तो गिलावा भिंतीला कधी चिकटलाच नव्हता. तो भिंतीवरच्या धुळीला चिकटला होता, किंवा कोरड्या विटांनी मालातले पाणी इतक्या झपाट्याने ओढून घेतले, की विटेला टेकलेल्या सिमेंटला घट्ट होण्यापुरते पाणीच उरले नाही. पाठीवर विटांच्या सांध्यांच्या जागी उंचवट्याच्या रेघा उमटलेल्या नसतील, तर सांधे उकरलेलेच नव्हते असे समजावे. आणि तुकड्याबरोबर विटेची पातळ लाल खपली निघून आली असेल, तर पकड उत्तम होती, पण गिलावा विटेपेक्षा इतका कडक होता की आकसताना त्याने विटेचीच त्वचा ओढून काढली. हा शेवटचा प्रकार पाहूनही ज्यांना सिमेंट वाढवावेसे वाटते, त्यांना मी तो तुकडा हातात देतो.

यावरचे उपाय नवे नाहीत, फक्त ते गाळले जातात. विटांचे सांधे, बांधकामाचा माल ओला असतानाच, सुमारे १० मिलिमीटर खोल उकरून ठेवावेत. भिंत तारेच्या ब्रशने घासून धूळ, शेवाळ आणि लोणा काढावा. गिलाव्याच्या आधी भिंत भिजवावी. मात्र माल चढवताना ती ओलसर असावी, तिच्यावर पाणी चमकत असता कामा नये, कारण पाण्याने तुडुंब भरलेली वीट माल धरत नाही आणि तो घसरतो. काँक्रीटच्या खांबांवर आणि तुळयांवर साच्याच्या तेलाचा अंश राहिलेला असतो आणि पृष्ठभागही गुळगुळीत असतो. तेथे तेल धुऊन काढून छिन्नीने जवळजवळ टोचे मारावेत आणि सिमेंट व जाड वाळूचा पातळसर माल जोराने फेकून खरबरीत थर द्यावा. तो थर ओला ठेवून पुरता कडक होऊ दिल्यावरच त्यावर गिलावा करावा.

वीटकाम आणि काँक्रीट जेथे मिळतात, त्या रेषेवर गिलावा तडकलेला नाही असे घर क्वचितच दिसते. दोन्ही पदार्थ उन्हाने आणि ओलाव्याने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात, त्यामुळे त्यांच्यावर ताणून बसवलेल्या अखंड थराला तेथे फाटावेच लागते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना साधारण १५० मिलिमीटर पसरेल अशी जस्ताचा मुलामा दिलेली जाळी ताणून ठोकली, आणि ती भिंतीला अगदी चिकटून न राहता मालाच्या पोटात बुडेल अशी ठेवली, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांवरही जाळीचा तुकडा तिरका लावावा, कारण भेग तेथूनच तिरकी निघते. विजेच्या आणि पाण्याच्या नळ्यांचे खोदकाम गिलाव्याच्या आधीच पूर्ण व्हावे, हे वेगळे सांगायला नको.

माल कालवण्याच्या जागी दोन सवयी मला विशेष खटकतात. पहिली, सकाळी मोठा ढीग कालवून ठेवायचा आणि तो आवळू लागला की पाणी शिंपडून पुन्हा मऊ करायचा. सिमेंटला पाणी लागल्यापासून त्याची घट्ट होण्याची क्रिया सुरू झालेली असते. अर्धवट झालेली ही घडण पाणी घालून मोडली तर माल हाताला मऊ लागतो, पण त्याची ताकद परत येत नाही. तासाभरात, कडक उन्हात त्याहूनही लवकर, संपेल एवढाच माल कालवावा. दुसरी सवय म्हणजे माल गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात भांडी घासायचा साबण टाकणे. त्याने मालात बेहिशेबी हवा शिरते आणि गिलावा ठिसूळ होतो. मऊपणाच हवा असेल तर चुना आहे, किंवा त्याच कामासाठी तयार केलेले, मापात घालायचे द्रव्य आहे. जिप्समचे प्लास्टर मात्र सिमेंटच्या मालात चुकूनही मिसळू नये. ओलाव्यात त्या दोघांच्या संयोगातून फुगणारे पदार्थ तयार होतात आणि गिलावा फुटतो.

बाहेरचा गिलावा दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, करावा. एकाच हातात पंचवीस मिलिमीटरचा थर चढवला की तो स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो आणि त्याच्या पोटात, वरून न दिसणाऱ्या आडव्या फटी पडतात. भिंत ओळंब्यात नसेल तर आधी खोलगट जागा वेगळ्या भरून घ्याव्यात, मग साधारण १२ मिलिमीटरचा पहिला हात द्यावा, तो आवळू लागताच त्यावर नागमोडी रेघा ओढाव्यात, काही दिवस ओला ठेवावा आणि नंतर सुकू द्यावा. त्याचे आकसणे बहुतांशी उरकल्यावर, त्याला जे तडे पडायचे ते पडून गेल्यावर, ६ ते ८ मिलिमीटरचा दुसरा हात पहिल्यापेक्षा किंचित सौम्य मालाचा द्यावा. या दोन हातांमधली प्रतीक्षा हीच सर्वांत जास्त चोरली जाते, कारण परांची उभी असते आणि माणसे रिकामी बसलेली दिसतात.

दुसऱ्या हाताच्या शेवटी घडणारी एक गोष्ट प्रत्येक घरमालकाने उभे राहून पाहावी. ओल्या गिलाव्यावर पाणी वर येऊन तो चकाकू लागतो, लवकर आवळत नाही, आणि कारागीर मुठीने कोरडे सिमेंट त्यावर भुरभुरवून लोखंडी थापीने घोटतो. पाहता पाहता भिंत काळसर, गुळगुळीत, देखणी होते. पण प्रत्यक्षात त्या क्षणी सौम्य थरावर जवळजवळ निव्वळ सिमेंटचा पापुद्रा चढलेला असतो, म्हणजे मघाशी सांगितलेल्या नियमाच्या बरोबर उलट घडलेले असते. थोड्याच दिवसांत त्या पापुद्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटतात. कोरडे सिमेंट न भुरभुरवताही अति घोटले तरी सिमेंट आणि बारीक कण वर येऊन हाच परिणाम होतो. बाहेरच्या भिंतीला लाकडी रंध्याने किंवा स्पंजाने आणलेला थोडा खरबरीत पोत पुरे असतो; तो पाणीही बरे सांभाळतो आणि रंगही बरा धरतो.

गिलावा ‘वाळून’ घट्ट होतो ही समजूत तर मुळातून काढून टाकली पाहिजे. तो पाण्याशी होणाऱ्या क्रियेने घट्ट होतो, आणि पाणी लवकर उडून गेले तर ती क्रिया अर्धवट थांबते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस भिंत सतत ओलसर राहिली पाहिजे. सकाळी एकदा नळीचा जोरदार फवारा मारून दिवसभर ती उन्हात तापू देणे म्हणजे पाणी मारणे नव्हे. ओले-कोरडे असे झटके बसल्याने भेगा उलट वाढतात. ओले गोणपाट टांगावे आणि बारीक तुषार दिवसातून अनेकदा द्यावेत. कामाची दिशाही उन्हाप्रमाणे ठरवावी. सकाळी पश्चिमेची भिंत आणि दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे ताजा गिलावा सावलीत राहतो. पाऊस अंगावर असताना, सोसाट्याचा कोरडा वारा असताना किंवा तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली जात असताना काम थांबवणेच शहाणपणाचे आहे. दिवसाचे काम भिंतीच्या मधोमध न सोडता कोपऱ्यावर किंवा एखाद्या ठळक रेषेवर सोडावे, नाहीतर जोड कायमचा दिसत राहतो.

कितीही चांगला गिलावा केला तरी त्याच्यावर पाणी अखंड ओघळत राहिले तर तो टिकणार नाही, हेही लक्षात घ्यावे. छज्जाच्या आणि खिडकीच्या पाटाच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडे आत, एक खाच ठेवली की पाणी तेथे तुटून खाली पडते आणि भिंतीकडे सरकत नाही. कठड्याच्या माथ्याला उतार हवा. तळाशी गिलावा जमिनीला टेकवू नये. ओल अडवणारा थर असेल तर त्याच्या वरच, आणि जमिनीपासून साधारण १५० मिलिमीटर उंचीवर तो थांबवावा, अन्यथा जमिनीतली ओल गिलाव्यातून वर चढते.

जुन्या घरांविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले. त्यापूर्वीच्या, आणि नंतरच्याही बऱ्याच काळातल्या कितीतरी भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या आहेत. अशा भिंती ओलावा आत घेतात आणि बाहेर सोडतात, त्यावरच त्यांचे आयुष्य अवलंबून असते. त्यांच्यावर वाळू-सिमेंटचा गिलावा केला की आतला ओलावा कोंडला जातो, चुना आणि मऊ दगड आतल्या आत भुसभुशीत होतात आणि वरचा कडक गिलावा मात्र वर्षानुवर्षे भिंत शाबूत असल्याचा भास निर्माण करतो. अशा भिंतींना चुन्याचाच गिलावा हवा. येथे ‘सिमेंट कमी करा’ असा सल्ला पुरेसा नाही. ते वापरूच नये.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी थोडेसे. भिंत लाकडी दांडक्याने हलकेच ठोकत जावे. जेथे बद्द, पोकळ आवाज येतो तेथे गिलावा सुटलेला आहे. तो भाग सरळ कडांनी कापून, घट्ट गिलावा लागेपर्यंत काढावा, कडा भिजवाव्यात आणि आजूबाजूच्या गिलाव्याच्याच ताकदीचा माल भरावा. मात्र सांध्यांच्या पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी जाणारी किंवा दोन्ही बाजूंनी आरपार दिसणारी भेग ही गिलाव्याची नसून भिंतीची असते, आणि तिचे कारण शोधण्याआधी तिच्यावर गिलावा लावणे म्हणजे पायाचा किंवा रचनेचा दोष झाकणे होय. नव्या गिलाव्याला रंग देण्याआधी साधारण चार आठवडे थांबावे, कारण ताजे सिमेंट अतिशय अल्कधर्मी असते आणि ओल बाहेर पडण्याआधी दिलेला रंग फुगून निघतो.

या सगळ्यात कारागिराला दोष देऊन मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. गिलाव्याची मजुरी बहुधा क्षेत्रफळावर ठरते, त्यामुळे जो थांबतो त्याचे नुकसान होते आणि जो घाई करतो त्याचा फायदा. म्हणून घरमालक आणि ठेकेदार यांच्या करारात मालाचे प्रमाण, वाळूची बरणीतली तपासणी, दोन हातांमधले अंतर आणि सात दिवसांचे पाणी या बाबी स्पष्ट लिहिल्या जाव्यात, पाणी मारण्याच्या कामाचे पैसे वेगळे धरले जावेत, आणि शेवटचा हप्ता गिलावा पूर्ण झाल्याच्या दिवशी न देता चार आठवड्यांनी, भिंत ठोकून पाहून आणि भेगा तपासून दिला जावा. आपल्या वृत्तपत्राने घरबांधणीच्या मजकुरात अशा कराराचा एक साधा नमुना छापला, तर घर बांधू पाहणाऱ्या वाचकांना तो कापून ठेवता येईल आणि ठेकेदाराशी बोलताना समोर ठेवता येईल.

आपला विश्वासू,
बांधकाम देखरेखीच्या कामातील एक वाचक